क्वार्टर हाच पगार: पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्याचं एक प्रकरण

१७ जुलै २०१९ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं तीन सरकारी औषध कंपन्यांसाठी ३३० कोटी ३५ लाख रुपयांचं कर्ज मंजूर केलं. थकलेले पगार चुकते करायचे आणि स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांचा हिशेब मिटवायचा, एवढ्याचसाठी ही रक्कम होती. त्यातले २८० कोटी १५ लाख एकट्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या, म्हणजे एच.ए.च्या, वाट्याला आले. पेपरात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली असेल. पिंपरीत मात्र त्या दिवशी चहाच्या टपरीपासून वल्लभनगरच्या एसटी स्टँडपर्यंत हाच विषय होता.

बाहेरच्या माणसाला यात एक आजारी सरकारी कंपनी दिसते आणि ते खरंच आहे. १९९७ मध्येच तिचं प्रकरण बीआयएफआरकडे, म्हणजे आजारी कंपन्यांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, गेलं होतं. तिथून २०१९ पर्यंत बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात कंपनीत नव्यानं लागलेल्या पोराचं लग्न होतं, मुलं होतात आणि ती कॉलेजात जातात. याच पट्ट्यात खासगी कारखाने बंद पडले, तेव्हा तिथले कामगार काही महिन्यांत भोसरीला, चाकणला, नाहीतर गावाकडे पांगले. एच.ए.ची माणसं मात्र थांबली. पगार लांबला, थकला, तुकड्यातुकड्यांनी आला, तरी थांबली.

का थांबली? ‘सरकारी नोकरी सुटवत नाही’ हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मला ते आळशी वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या माणसांना महिन्याच्या पाकिटात मिळायचा तो पगाराचा लहान हिस्सा होता. मोठा हिस्सा भिंतीच्या आत उभा होता: क्वार्टर, शाळा, मैदान, पाणी आणि शेजार. पाकीट रिकामं राहिलं तरी हा हिस्सा चालूच होता. तो सोडायला माणसं तयार नव्हती, आणि त्यांचं फारसं चुकत होतं असं मला वाटत नाही.

मी कंपनीचा पोरगा नव्हे. माझे वडील जवळच्याच एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होते. आम्ही एच.ए.च्या कंपाउंडच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. भिंतीच्या बाहेर राहिल्यामुळे आतलं जरा जास्तच नीट दिसलं, असा माझा समज आहे. आतल्या पोरांना ते सगळं असंच असतं असं वाटायचं.

कारखाना पिंपरीत कसा आला

पिंपरी तेव्हा गावच होतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प, मुंबई-पुणे रस्ता, रेल्वेचं छोटं स्टेशन आणि पवना नदी. बजाज, टेल्को, एमआयडीसी हे सगळं नंतरचं, साठच्या दशकातलं. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली १९७० मध्ये, महापालिका १९८२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९५४ मध्ये, इथे पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये उत्पादनही सुरू झालं.

पेनिसिलीन त्या वेळी बाहेरून यायचं आणि महाग पडायचं. ते देशातच आणि सरकारच्याच हाताखाली बनलं पाहिजे, हा आग्रह धरणाऱ्यांत साहिबसिंग सोखी हे मोठं नाव. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत वरच्या पदावर गेलेले. परदेशी कंपनीशी करार करावा की स्वतःचा कारखाना काढावा, यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी युनिसेफनं यंत्रसामग्री द्यायची, जागतिक आरोग्य संघटनेनं तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण द्यायचं आणि बाकीचं भारत सरकारनं बघायचं, असं ठरलं. पुण्याला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती. पाणी, रेल्वे आणि रस्ता पिंपरीत होता. सार्वजनिक क्षेत्रातली देशातली ही पहिली औषध कंपनी.

हा इतिहास सांगतोय तो एका कारणासाठी. जिथे कारखाना आला तिथे शहर नव्हतं. कामगार येणार, रसायनशास्त्रज्ञ येणार, तर ते राहणार कुठे? त्यांची पोरं शिकणार कुठे? मग कारखान्याबरोबर कॉलनीही बांधावी लागली. सुमारे अडीचशे एकरांचा परिसर होता आणि त्यात यंत्रं कमी आणि झाडं जास्त. पुढे जे घडलं त्याची मेख या पहिल्या नकाशातच आहे.

बॅच

आमच्या भागाला एक वास होता. पावसाळ्यात जड व्हायचा, उन्हाळ्यात दुपारी पातळ. दोन वास एकमेकांत मिसळलेले असायचे. एक आंबूस, बुरशीचा, ओल्या गोणपाटासारखा. दुसरा पिकलेल्या केळ्याचा, गोडसर. केळ्याच्या वासाचं आम्हा पोरांना भारी कुतूहल होतं. आत केळ्यांची वखार आहे, अशी आमच्यातल्या एकाची खात्री होती आणि तो ती इतरांना छातीठोकपणे सांगायचा.

खरं काय ते शेजारच्या काकांनी सांगितलं. काका आमच्याच गल्लीत राहायचे, एच.ए.त फर्मेंटेशनला होते आणि क्वार्टरच्या यादीत त्यांचा नंबर यायचा होता. संध्याकाळी ओट्यावर बसून ते आम्हाला पेनिसिलीन कसं बनतं ते सांगायचे, आणि शिक्षक असते तर उत्तम झाले असते असं मला आजही वाटतं.

मूळ जीव म्हणजे पेनिसिलियम क्रायसोजेनम नावाची बुरशी. ती प्रयोगशाळेत काचेच्या नळीत जपून ठेवलेली असते. नळीतून छोट्या भांड्यात, छोट्यातून मोठ्या, मोठ्यातून अजून मोठ्या. “आई रात्री दुधाला विरजण लावते ना, तसं. फक्त आमचं दूध हजारो लिटर आणि आमचं विरजण लाडावलेलं,” काका म्हणायचे. शेवटच्या उंच पोलादी टाकीत, म्हणजे फर्मेंटरमध्ये, मक्याच्या सत्त्वाचं पाणी, साखर आणि क्षार असतात. खालून निर्जंतुक केलेली हवा सतत सोडायची, वरून फिरतं ढवळणं, आणि तापमान पंचवीस अंशांच्या आसपास धरून ठेवायचं. बुरशी वाढताना उष्णता सोडते, म्हणून टाकीभोवती गार पाणी खेळवत ठेवावं लागतं. फेस वर चढू लागला की फेस मारणारं तेल सोडायचं. हे पाच-सहा दिवस, चोवीस तास. रविवार नाही, दिवाळी नाही. पाळी बदलते, बुरशीला पाळी नसते.

पाच-सहा दिवसांनी टाकीतला रस गाळतात. वर राहतो तो बुरशीचा लगदा. आंबूस वास त्याचाच. गाळलेलं पाणी थंड करून त्यात आम्ल घालतात आणि लगेच विद्रावकात ओढून घेतात. आम्लात पेनिसिलीन टिकत नाही, झपाट्यानं मोडतं, म्हणून ही सगळी धावपळ थंडीत आणि मिनिटांच्या हिशेबानं. केळ्याचा वास या विद्रावकाचा, ब्युटाइल अॅसिटेटच्या जातीच्या रसायनाचा. मग परत पाण्यात, मग स्फटिक, मग पांढरी पूड. केळ्यांच्या वखारीची गोष्ट तिथेच संपली. ती सांगणारा पोरगा आठवडाभर काकांशी बोलला नाही.

काकांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार यायचा: बॅच. “बॅच लागली”, “बॅच उतरली”, आणि सगळ्यात वाईट, “बॅच गेली”. टाकीत बाहेरचा जिवाणू शिरला, की त्यातले काही जिवाणू पेनिसिलीन तोडणारं विकर तयार करतात. एका झडपेची गळती, हवेच्या गाळणीत ओल, एवढंही पुरतं. मग अख्खी टाकी ओतून द्यायची, वाफेनं धुवायची आणि पुन्हा नळीपासून सुरुवात. बॅच गेली त्या दिवशी काका ओट्यावर यायचे नाहीत. काकू दार लोटून घ्यायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, “आज नका रे हाक मारू. बॅच गेलीय.”

त्या वयात मला त्यातलं कळलं ते एवढंच, की आमच्या वडिलांचं काम आणि काकांचं काम वेगळ्या जातीचं आहे. वडिलांनी लेथवर एखादा जॉब बिघडवला तर एक तुकडा भंगारात जायचा. काकांचं काम कुणाला मोजता येत नव्हतं. सहा दिवस काही बिघडलं नाही हेच त्यांचं काम. असं काम करणारा माणूस त्या जागेचा होऊन जातो. त्याला त्या विशिष्ट टाक्यांच्या, त्या विशिष्ट झडपांच्या खोडी माहीत असतात आणि हे ज्ञान बाहेर कुठल्याही बाजारात विकता येत नाही. का थांबली या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा इथेही आहे. पिंपरी-भोसरीत टर्नर, फिटर, वेल्डर यांना पन्नास दारं उघडी होती. पेनिसिलीनच्या फर्मेंटरवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलं दार होतं?

कारखान्यातलं आमच्यापर्यंत पोचणारं आणखी काही म्हणजे बुचं. इंजेक्शनच्या बाटलीची रबरी बुचं, तांबूस रंगाची, मध्ये सुई खुपसायला पातळ पडदा असलेली. भंगारवाल्याकडे ती पोत्यानं दिसायची. कुठल्या कारखान्यातून येत होती देव जाणे, औषधाचे कारखाने तोवर आणखीही झाले होते. त्यांनी पेन्सिल खोडता येत नाही हे आम्ही सगळ्यांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं. वही मात्र फाटते.

भिंतीच्या आत

कॉलनीत शिरायचं म्हणजे गेटवरच्या वॉचमनला मित्राचं नाव आणि क्वार्टरचा नंबर सांगायचा. आत गेलं की पहिल्यांदा जाणवायची ती सावली. बाहेर धूळ, टेम्पो, उघडी गटारं. आत सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना मोठी झाडं आणि रस्त्यावर सायकल शिकणाऱ्या मुली. मुली सायकल शिकत होत्या हे मी मुद्दाम लिहितोय. आमच्या गल्लीत ते शक्य नव्हतं, जागाही नव्हती आणि माणसांची नजरही तशी नव्हती.

क्वार्टर काही महाल नव्हते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे थोडी जागा. पण नळाला पाणी यायचं. भाडं पगारातून कापलं जायचं आणि ते इतकं किरकोळ, की आमच्या घरी त्याचा उल्लेख झाला की आई गप्प व्हायची. आम्ही दर काही वर्षांनी घर बदलायचो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, खोली हवीय. मालकानं वरचा मजला चढवला, भाडं वाढलं. त्या पायी मी तीन शाळा पाहिल्या. काकांच्या मुलींनी पहिली ते दहावी एकाच शाळेत काढली, कॉलनीतल्या एच.ए.च्या शाळेत, चालत जाऊन.

आणि मैदान. एच.ए.चं मैदान भिंतीबाहेरच्या पोरांनाही माहीत होतं, कारण पिंपरीत तेवढं मोकळं दुसरं काही फारसं नव्हतं. तमिळ, मल्याळी, बंगाली, कन्नड घरांतली पोरं तिथे मराठीत भांडायची. देशभरातून शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ आणून वसवलेली वस्ती ती. इथल्याच संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. त्यातलं ‘हॅ’ म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच. पुढे शेतीसाठी ऑरिओफंगिन आलं. डाळिंबवाल्यांना तर ही कंपनी वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे: तेल्या रोगावर मारायची स्ट्रेप्टोसायक्लिनची छोटी पुडी. सांगोल्याच्या माझ्या एका नातेवाइकाला पिंपरीत असा कारखाना आहे हे त्या पुडीवरच्या पत्त्यावरून कळलं होतं, माझ्याकडून नव्हे.

कॉलनीचं हे सगळं वर्णन वाचून कुणी म्हणेल, हा तर आठवणींचा गुलाबी चष्मा. तर दुसरी बाजूही सांगतो. कॉलनीत कोण कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये राहतो यावरून माणसाची पायरी ठरायची. ऑफिसरच्या बायका आणि कामगारांच्या बायका एकाच गणपतीच्या आरतीला यायच्या, पण वेगवेगळ्या घोळक्यात उभ्या राहायच्या. आणि भिंतीबाहेरच्या आमच्यासारख्यांना आत ‘बाहेरची पोरं’ म्हणायचे. चेंडू हरवला, काच फुटली, की आधी बाहेरची पोरं.

काकांना क्वार्टर मिळाला त्या दिवशी सामान हातगाडीवरून नेलं. आम्हीच ढकलली गाडी. गेटवर काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. गल्लीत काय होतं मागे वळून पाहण्यासारखं?

औषध स्वस्त असण्याची शिक्षा

कंपनी आजारी का पडली, यावर पिंपरीत दोन गटांचं भांडण ठरलेलं असायचं. एक गट म्हणायचा, युनियन आणि कामचुकारपणा. दुसरा म्हणायचा, दिल्ली. दोन्हींत थोडं थोडं तथ्य असेलही. पण दोघेही एका गोष्टीला हात घालत नसत: हा कारखाना औषध स्वस्त करण्यासाठी काढला होता आणि ते काम त्यानं केलं. साठच्या दशकापासून औषधांच्या किमतींवर सरकारी नियंत्रण येत गेलं. पेनिसिलीन ही जुनी, पेटंट संपलेली, जीव वाचवणारी वस्तू. तिच्यावर नफा कमवायला कुणी बसलेलं नव्हतं. माल घेणारी मोठी गिऱ्हाइकंही बरीचशी सरकारीच.

मग १९९१ नंतर आयात खुली होत गेली आणि चीनचं पेनिसिलीन-जी, म्हणजे टाकीतून निघणारं मूळ पेनिसिलीन, आलं. तिकडचे कारखाने प्रचंड मोठे, एका टाकीतून निघणारं उत्पन्न जास्त, किंमत इतकी खाली की इथला कच्चा मालही त्यात बसेना. नवीन यंत्रं, नवीन वाण, मोठ्या टाक्या यांना पैसा लागतो आणि स्वस्त विकणाऱ्या कंपनीकडे तो साठत नाही. हळूहळू भारतात पेनिसिलीन-जी बनवणारे सगळेच थांबले, पिंपरीचे सरकारी आणि इतर ठिकाणचे खासगीही. कामचुकारपणाच मुख्य कारण असतं तर खासगीवाले तरी टिकायला हवे होते.

आमच्या गल्लीत एक मुलगी होती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. तिला दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन लागायचं. आधी हातावर चाचणीचा टोचा, अर्धा तास थांबायचं, मग कमरेत जाड सुई. त्या दिवशी ती लंगडत शाळेत यायची. ते औषध इतकं स्वस्त होतं की तिच्या वडिलांना, हमाली करणाऱ्या माणसाला, ते वर्षानुवर्षं झेपलं. पुढे याच बेंझाथिन पेनिसिलीनचा देशात वारंवार तुटवडा पडला, आणि कारण हेच की इतकी स्वस्त वस्तू बनवण्यात कुणाला रस उरला नव्हता.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०१३ मध्ये १०३ औषधांच्या सरकारी खरेदीत सार्वजनिक औषध कंपन्यांना प्राधान्य द्यायचं ठरलं. डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळानं उलट दिशा धरली: दोन कंपन्या बंद करायच्या, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि बंगाल केमिकल्स विकायच्या, आणि जादा जमीन सरकारी संस्थांना विकून देणी फेडायची. जमिनीची ती पद्धत जमली नाही म्हणून २०१९ च्या निर्णयात ती बदलली, आणि तोपर्यंत कामगारांचं भागावं म्हणून वर सांगितलेलं कर्ज. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याला सरकारी प्रोत्साहन योजनेतून एका खासगी कंपनीनं पेनिसिलीन-जी पुन्हा सुरू केलं. ते सुरू झालं तेव्हा ‘कित्येक वर्षांनी देशात पेनिसिलीन-जी’ अशी बातमी होती. पिंपरीत ती वाचणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल, ते मला सांगायला नको.

दोन माणसांचा हिशेब

आता मूळ प्रश्न. यासाठी माझ्याकडे दोन माणसं आहेत, त्यांच्यावरच मी माझं म्हणणं तपासून पाहिलं.

एक माझे वडील. ते ज्या इंजिनिअरिंग कंपनीत होते ती नव्वदच्या सुरुवातीला बंद झाली. संप, टाळेबंदी, मग गेटला कुलूप. ग्रॅच्युइटी हातात यायला बराच काळ गेला. पण वडील दुसऱ्याच महिन्यात भोसरीत एका शेडमध्ये लेथवर उभे होते, कमी पगारावर, परमनंट वगैरे काही नाही. त्यांनी तसं केलं कारण त्यांना पर्याय नव्हता आणि अडवणारंही काही नव्हतं. घर आधीच भाड्याचं होतं, शाळा आधीच बदललेल्या होत्या. एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी जाण्यात त्यांचं फक्त बसचं तिकीट वाढलं. पुढे प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून त्यांनी चिखलीत दीड गुंठा घेतला आणि त्यावर पत्र्याचं, मग विटांचं घर बांधलं.

दुसरे काका. कंपनी बीआयएफआरकडे गेली तेव्हा ते पंचेचाळिशीत होते, तीन मुली शाळेत. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली की ते वहीत आकडे मांडायचे. ती वही मी पाहिलीय, कारण एकदा बेरीज तपासायला त्यांनी मलाच बसवलं होतं. डावीकडे: एकरकमी मिळणारे पैसे, बँकेतलं व्याज. उजवीकडे: पिंपरीत दोन खोल्यांचं भाडं आणि डिपॉझिट, तीन शाळांच्या फिया, रिक्षा, पाण्याचा टँकर. स्वेच्छानिवृत्ती घेतली की क्वार्टर सोडावा लागणार, आणि क्वार्टर सुटला की उजवी बाजू एका झटक्यात भरत होती. डावीकडचा आकडा कितीही मोठा दिसला तरी दहा-बारा वर्षांत संपत होता. दर वेळी वही मिटायची, आणि काका दुसऱ्या दिवशी कामावर.

पाकिटाची वाट बघणं हे त्या हिशेबात स्वस्त होतं. दुकानदार कॉलनीवाल्यांना उधारी द्यायचे, कारण क्वार्टरमधला माणूस कुठे पळून जात नाही. काकू शिवणकाम करायला लागल्या. थोरली मुलगी शिकवण्या घेऊ लागली, आणि शिकवण्यांना येणारी पोरंही कॉलनीतलीच. घरच नसतं तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं.

म्हणून ‘आरामाची नोकरी, म्हणून चिकटून राहिले’ या वाक्यावर माझा राग आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आखणारे पगाराचे महिने मोजून रक्कम काढत होते. समोरचा माणूस घर, शाळा आणि उधारीची पत यांचा हिशेब करत होता. घराचा प्रश्न पैशाच्या प्रश्नापासून वेगळा काढला असता, म्हणजे ‘निवृत्ती घ्या, मुलांची दहावी होईपर्यंत याच भाड्यात राहा’ एवढी जरी सवलत दिली असती, तर माझ्या अंदाजानं पहिल्याच फेरीत निम्मी कॉलनी मोकळी झाली असती. काकांना मी हे विचारलं. “पहिल्या दिवशी सही केली असती,” ते म्हणाले.

अर्थात सगळ्यांचं असं नव्हतं. काहींनी तिशीतच गावाकडे किंवा आकुर्डीला घर बांधलं, क्वार्टर असताना. ती माणसं पहिल्या योजनेतच बाहेर पडली आणि त्यांचं बरं झालं. काहींनी क्वार्टरच्या भरवशावर घराचा विचारच केला नाही. काका या दुसऱ्या जातीचे. पूर्ण वयानं रिटायर झाले तेव्हा कुठे त्यांनी मोशीला फ्लॅट घेतला, तोही जावयांच्या मदतीनं.

काका आणि वडील आता दोघेही म्हातारे. महिन्यातून एकदा भेटतात आणि कुणाचं बरोबर होतं यावर वाद घालतात. काकांचा मुद्दा ठरलेला: “तुझं घर स्वतःचं झालं, पण तुझी पोरं तीन शाळा हिंडली. माझ्या तिघी एका बाकावरून उठल्या नाहीत.” वडील म्हणतात, “हो, आणि त्या बाकाच्या नादात तू साठीपर्यंत दुसऱ्याच्या छपराखाली बसलास.” मग काका विषय बदलतात आणि चिखलीत पाणी दिवसाआड येतं का ते विचारतात. ते मोशीतही दिवसाआडच येतं, हे वडिलांना माहीत असतं.